रंग शेपटीकडून वाचावा

फेब्रुवारीतला रविवार. महालक्ष्मीचं रेसकोर्स, पॅडॉकचं कुंपण, हातात त्या दिवसाचं रेसचं पुस्तक आणि समोर गोल फिरणारे आठ घोडे. पुस्तकात प्रत्येक घोड्याच्या नावाजवळ दोन-तीन इंग्रजी अक्षरं असतात, त्यातली पहिली रंगाची. बी म्हणजे बे, सीएच म्हणजे चेस्टनट, जीआर म्हणजे ग्रे. मला वाटलं, यात काय अवघड आहे? चेस्टनट म्हणजे तांबडा. सोबतच्या मित्राला ऐटीत म्हटलं, "तो तांबडा बघ, तोच आपला." तो म्हणाला, "तांबडे पाच आहेत. त्यातला कुठला?"

खरोखरच पाच होते. एक विटेच्या रंगाचा, एक चिंचेच्या कोळासारखा, एक नुकत्याच घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखा, आणि दोन असे की उन्हात आले की तांबडे आणि झाडाखाली गेले की तपकिरी. पुस्तकाप्रमाणे त्या पाचांत चेस्टनट एकच होता. आम्ही आपसात ठरवून टाकला तो हंडा. झुलीखालचा आकडा जुळवला तर हंडा निघाला बे.

"अंगाकडे काय बघताय? शेपूट बघा."

मागे सत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ उभे होते. राहणार परळचे, उमेदीची वर्षं इथल्याच तबेल्यांत काढलेली. नाव छापू नका म्हणाले. "अंग काय, खुराक बदलला की बदलतं. थंडीत केस वाढले की वेगळं, कातरले की वेगळं. आयाळ आणि शेपूट काळी असली, गुडघ्याखाली पाय काळे असले, की बे. शेपूट अंगासारखीच तांबडी असली की चेस्टनट. झालं."

मी पुन्हा पाहिलं. हंड्याची शेपूट कोळशासारखी काळी. चिंचेच्या कोळाची शेपूट त्याच्या अंगाहून थोडी उजळ, पण तांबडी. तो चेस्टनट. इतका वेळ घोड्यांचे रंग पाहत होतो आणि आठांपैकी एकाचीही शेपूट पाहिली नव्हती.

काकांनी "झालं" म्हणून दोन वाक्यांत गुंडाळलेला हा नियम किती जुना आहे, ते नंतर घरी पुस्तकं उघडल्यावर कळलं. अरबी कोशकारांनी 'कुमैत' आणि 'अश्कर' या दोन शब्दांत फरक सांगितला आहे तो नेमका हाच: आयाळ-शेपूट काळी तर कुमैत, तांबडी तर अश्कर. कुमैत आपल्याकडेही आला. 'अबलख' अरबीतूनच आला, 'मुश्की' आणि 'समंद' फारसीतून. मुश्की म्हणजे कस्तुरीसारखा काळा. समंद म्हणजे पिवळसर अंगाचा आणि काळ्या आयाळीचा. इराणमध्ये समंद नावाची मोटार निघाली, तिचं नाव या घोड्यावरून. ज्यांच्याकडून घोडे आले त्यांच्याकडून रंगांचे शब्दही आले, हे ओघानंच आलं. दख्खनच्या सुलतानांपासून मराठ्यांपर्यंत चांगला घोडा पश्चिमेच्या समुद्रावरूनच यायचा, आणि एकोणिसाव्या शतकात इराणच्या आखातातून येणाऱ्या घोड्यांचं मोठं बंदर मुंबई होतं. भेंडीबाजारात अरब सौदागरांचे तबेले होते. तिथे कुमैत आणि अबलख हे रोजच्या घासाघिशीतले शब्द.

पण ही देवघेव त्याहीपूर्वीची. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्रानं 'अभिधानचिंतामणि' हा संस्कृत कोश रचला. त्यात घोड्यांच्या रंगांची एक यादी आहे. वाचताना आधी हसू येतं, कारण संस्कृत वाटावा असा शब्द त्यात फारसा सापडतच नाही. पांढरा तो कोकाह, काळा तो खुंगाह, तांबडा तो क्रियाह, दुधाच्या रंगाचा तो सेराह, गुलाबी झाक असलेला वोरुखान. ही 'आह'ची शेपटी संस्कृतची नव्हे. घोड्यांच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून कोशात शिरलेले हे शब्द असावेत, असं अभ्यासक मानतात. हसू ओसरल्यावर मात्र दिसतं की हेमचंद्राची नजर पॅडॉकवरच्या काकांसारखीच आहे. 'वोल्लाह' कोणता? कपिल अंगाचा, पण आयाळ आणि शेपूट फिकट असलेला. 'उराह' कोणता? अंग जरा पांढुरकं, पोटऱ्या काळ्या. 'कुलाह' म्हणजे किंचित पिवळा, गुडघ्यांशी काळा. नुसता अंगाचा रंग सांगून तो थांबत नाही; पाय कसे, आयाळ कशी, हे लगेच विचारतो.

माझ्या मते घोड्याचा रंग ओळखण्याची सगळी विद्या एवढीच आहे. जो रंग डोळ्यांत भरतो तो सोडायचा आणि कडेकडेचा पाहायचा.

याचं कारण शास्त्रानं फार उशिरा सांगितलं. घोड्याच्या केसात रंगद्रव्यं दोनच, एक काळं आणि एक तांबूस. चेस्टनट घोड्याला केसात काळं द्रव्य तयारच करता येत नाही. त्याची शेपूट काळी होणार कुठून? बे घोड्याला ते जमतं, पण अगुटी नावाचं एक जनुक त्याच्या काळ्याला अंगावरून हाकलून कडेला नेऊन बसवतं: आयाळ, शेपूट, पाय, कानांची टोकं. हे हाकलणारं जनुक नसलं की काळं अंगभर पसरतं आणि घोडा काळा होतो. चेस्टनटमागचा जनुकातला बदल १९९६ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी शोधला.

त्याआधी नव्वद वर्षं यावरून लंडनमध्ये मोठं भांडण झालं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम नुकतेच पुन्हा सापडले होते. हर्स्ट नावाच्या गृहस्थानं इंग्लंडच्या स्टडबुकातल्या, म्हणजे घोड्यांच्या वंशावळीच्या वहीतल्या, नोंदी चाळल्या आणि डिसेंबर १९०५ मध्ये रॉयल सोसायटीपुढे सांगितलं की चेस्टनट नर आणि चेस्टनट मादी यांना पिल्लू होतं ते चेस्टनटच. मेंडेलला न मानणारा वेल्डन नावाचा प्राणिशास्त्रज्ञ तिथे होता. त्यालाही स्टडबुक ठाऊक होतं. त्यानं उलट नोंदी काढून दाखवल्या, आईबाप दोघे चेस्टनट आणि पिल्लू बे. हर्स्टचं उत्तर असं की या नोंदीच चुकीच्या आहेत. मग वेल्डननं तो हिवाळा रोममध्ये स्टडबुकांच्या जाडजूड खंडांत डोकं खुपसून काढला. एप्रिल १९०६ मध्ये, काम अर्धवट असतानाच, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी तो न्यूमोनियानं गेला. बरोबर हर्स्ट ठरला. अपवाद कुठून आले? कुणा कारकुनानं पिल्लाचा रंग घाईत लिहिला होता, किंवा बाप भलताच लिहिला होता. एका थोर शास्त्रज्ञाचे शेवटचे महिने तबेल्यातल्या लेखनिकांच्या चुकांत गेले.

शिंगराचा रंग चुकणं मुळीच अवघड नाही. बे शिंगरू जन्मतं तेव्हा त्याचे पाय काळे नसतात, फिकट मातकट असतात. पहिले केस झडल्यावर काळे दिसू लागतात. काळ्या घोड्याचं शिंगरू उंदरासारखं करडं जन्माला येतं. आणि ग्रेचं शिंगरू? त्याची गंमत लालबागच्या वरातीत पाहू.

रंगाची नोंद करण्यामागे हौस नव्हतीच, होता तो अविश्वास. अलाउद्दीन खिलजीनं घोड्यांना डाग देण्याची पद्धत घातली, अकबरानं ती पुन्हा कडक केली, कारण सरदार कागदावर अरबी घोडे दाखवून पगार उचलायचे आणि हजेरीला भाड्याचं तट्टू उभं करायचे. डागाबरोबर घोड्याचं आणि स्वाराचं वर्णन लिहून ठेवत, त्या कागदाला म्हणत चेहरा. आपली 'चेहरेपट्टी' त्याच घरची. मराठी फौजेतही बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा, पण शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा. तो घोडा लढाईत पडला की भरपाई कोणत्या घोड्याची, हा प्रश्न दफ्तरात सोडवावा लागे. वर्णनाशिवाय तो कसा सुटणार? आज महालक्ष्मीला घोड्याच्या मानेत मायक्रोचिप असते, आईबाप डीएनएवरून पडताळले जातात. तरीही कागदावर रंग, कपाळावरचा ठिपका, कोणत्या पायाला किती पांढरं आणि भोवरे कुठे, हे लिहावंच लागतं. अशा ओळखपत्रावर घोड्याची रेखाकृती छापलेली असते. पांढऱ्या खुणा तांबड्या शाईनं भरतात, भोवऱ्याच्या जागी काळी फुली मारतात. दुबळा घोडा काढून त्याच्या जागी तगडा पळवणं हा रेसमधला जुना लबाडीचा प्रकार, आणि त्याच्या आड पहिल्यांदा येतो तो रंग.

भोवऱ्यांचं मात्र आपल्याकडे निराळंच शास्त्र झालं. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे गळ्याशी देवमण नावाचा भोवरा असलेल्या घोड्याचा भाव चढतो, आणि डोळ्याखाली आसूढाळ हा भोवरा दिसला की गिऱ्हाईक पुढच्या दावणीकडे सरकतं. पांढऱ्या खुणांचंही तसंच. पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं. आयाळ, शेपूट आणि छातीही पांढरी असली तर अष्टमंगल. कपाळावर अंगठ्याखाली झाकेल एवढाच पांढरा ठिपका असला तर मात्र तो सितारापेशानी, अशुभ. टिळा थोडा मोठा असता तर शुभ झाला असता. अशुभाची ही मापं कुणी ठरवली असतील ती ठरवोत, पण घोड्याला इतकं बारकाईनं पाहायची सवय त्यांनी लावली. शुभाशुभाच्या नादानं का होईना, खेड्यातला माणूस घोड्याच्या अंगावरचे भोवरे मोजत होता. मला शेपूट दिसत नव्हती.

आता लालबाग. मे महिन्यातली संध्याकाळ, भारतमाता सिनेमापासून जवळच एका हॉलबाहेर वरात थांबलेली. बेंजो सुरू, नवरदेवाचा पत्ता नाही, आणि जरीच्या झुली घातलेले दोन पांढरे घोडे रस्त्याच्या कडेला शांत उभे. वरातीमागून घोडे ही म्हण आपण वापरतो. इथे घोडे वेळेवर आले होते आणि वरातच मागे होती. मी घोडेवाल्याला विचारलं, "दोन्ही पांढरेच ना?" त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "ये नुकरा है साहब, असली. वो सब्जा है." मग त्यानं पहिल्याचा ओठ जरा उलटा केला. नाकपुडी, ओठ, डोळ्यांच्या कडा, सगळं गुलाबी. दुसऱ्याचं तोंड शिसपेन्सिलीच्या रंगाचं. केस दोघांचेही पांढरे, कातडी मात्र एकाची गुलाबी आणि एकाची काळी.

नुकरा म्हणजे मूळ अरबी शब्दात चांदी. तो जन्मापासून तसाच. सब्जा, म्हणजे रेसच्या पुस्तकातला ग्रे, पांढरा जन्मत नाही. तो काळा जन्मतो, बे जन्मतो, चेस्टनट जन्मतो. मग डोळ्यांभोवती चार करडे केस दिसतात, आणि वर्षागणिक तो पिकत जातो, माणसासारखा, फक्त आपल्यापेक्षा लवकर. मध्ये काही वर्षं अंगावर रुपयाएवढी वर्तुळं दिसतात. शेवटी पांढरा. म्हणजे एकाच घोड्याला कोणी तिसऱ्या वर्षी निळा म्हणेल, आठव्या वर्षी करडा आणि पंधराव्या वर्षी पांढरा, आणि तिघेही आपापल्या परीनं खरं बोलत असतील. काही सब्ज्यांच्या अंगावर म्हातारपणी बारीक तांबूस ठिपके उमटतात. फारसीत मगस म्हणजे माशी, म्हणून हा घोडा मगसी. इंग्रजांनी त्यालाच पिसवा चावलेला ग्रे म्हटलं. इराण्याला माश्या दिसल्या, इंग्रजाला पिसवा, यावर ज्यानं त्यानं काय ते समजावं.

पिकण्याचं हे जनुकही उप्सालाच्याच शास्त्रज्ञांनी, २००८ मध्ये शोधलं. एका जनुकात एक तुकडा दोनदा छापला गेला आहे, एवढीच चूक. तिची किंमतही आहे. पंधरा वर्षांवरच्या दहा ग्रे घोड्यांपैकी सात-आठांना कातडीच्या काळ्या गाठी होतात, आणि त्या बहुधा सापडतात त्या शेपटीखाली. काकांचा सल्ला इथेही लागू पडला.

नुकरा आणि सब्जा ओळखायची एक सोपी रीत घोडेवाल्यानं सांगितली. घोडा धुवायचा. भिजलेला सब्जा निळसर काळा दिसू लागतो, कारण ओल्या केसांतून खालची कातडी दिसते. नुकरा गुलाबी पडतो. गंगेत घोडं न्हाल्याशिवाय त्याचा रंगसुद्धा कळत नाही. "पार्टीवाल्यांना सांगत नाही," तो म्हणाला, "त्यांना फोटोत पांढरा पाहिजे." नुकऱ्याचं भाडं जास्त का, हे मग विचारावं लागलं नाही.

या मध्य मुंबईत एकेकाळी घोड्यांचे किती रंग रस्त्यावर असतील? ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम सुरू झाली. स्टर्न्स आणि किट्रेज कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असं सांगतात. त्याच वर्षी प्राण्यांना क्रूरपणे वागवू नये म्हणून शहरात एक संस्था निघाली. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं, आणि त्याच आवारात २ ऑगस्ट १८८६ रोजी पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. ट्रामच्या आणि व्हिक्टोरिया घोडागाड्यांच्या घोड्यांचं लंगडणं, खांद्यांच्या जखमा, उन्हानं कोसळणं, हे सारं या शहरानं पाहिलेलं. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. घोड्यांवरचे पोलीस १९३२ मध्ये बंद झाले. व्हिक्टोरिया टिकून होत्या. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हौसेखातर घोडागाडी चालवणं बेकायदा ठरवलं, आणि मरिन ड्राइव्हला त्यांच्या जागी विजेवरच्या गाड्या आल्या. घोड्यांच्या दृष्टीनं निकाल योग्यच होता, मला त्यात शंका नाही. पण शब्दांचं काय होतं ते मी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी दादरला पाहिलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांनी मुंबई पोलिसांचे घोडेस्वार शिवाजी पार्कच्या संचलनात आले होते. गर्दीत दर दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर पोर. "तो ब्राऊन बघ. तो डार्क ब्राऊन. तो लाइट ब्राऊन." बिचाऱ्या बापांचा इलाज नव्हता. कुमैत हा शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

पडद्यावर तर घोड्याचा रंगच हरवत असे. गिरगावात कोरोनेशन थिएटरात १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट लागला. त्याचं बरंचसं चित्रण झालं दादरला. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग कळतच नसे, तो काळाच उमटे. त्या फिल्मवर चेस्टनट घोडा टिपला तर शेपटीसकट काळवंडून जाणार. काळ्या-पांढऱ्या मूकपटांतला एखादा काळाकभिन्न घोडा पाहिला की मला आता शंका येते, हा मुळात तांबडाच नसेल कशावरून?

काळ्याबद्दल काकांनी एक गोष्ट शेवटी सांगितली होती. खरा काळा घोडा दुर्मीळ. लोक ज्याला काळा म्हणतात तो बहुधा गडद बे असतो, नाहीतर उन्हानं तांबूस पडलेला काळा. दोघांतला फरक अंगावर दिसत नाही, शेपटीतही दिसत नाही, कारण शेपूट दोघांचीही काळीच. "तिथे नाकाशी जायचं. नाकपुडीभोवती आणि कुशीत तांबूस केस दिसले, की काळा नाही."

ते डोक्यात घेऊन मी राणीच्या बागेत गेलो. मुंबईतला सर्वांत प्रसिद्ध घोडा भायखळ्याला तिथे आहे. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असताना १८७५-७६ मध्ये इथे येऊन गेला त्याची आठवण म्हणून, अल्बर्ट ससूननं दिलेला पुतळा. शिल्पकार बोहम. १८७९ पासून फोर्टात होता, १९६५ मध्ये तिथून हलवला. लोकांनी स्वाराला कधीच विचारलं नाही. चौकाला नाव दिलं ते घोड्याचं, तेही त्याच्या रंगावरून, आणि पुतळा गेल्यावरही नाव जागेवरच राहिलं. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, त्याला स्वार ठेवलाच नाही.

मी सवयीनं आधी मागे गेलो. शेपूट अंगाच्याच रंगाची. म्हणजे बे नक्की नाही. ब्राँझचा रंग पाहिला तर सावलीत काळा, उन्हात तपकिरी, आणि पावसाचं पाणी मुरतं तिथे हिरवट. त्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. शेजारी एक बाई मुलाला सांगत होत्या, "हा बघ, काळा घोडा." मुलगा म्हणाला, "हा तर ग्रीन आहे."

मग मी पुढे आलो, नाकपुडी पाहायला. ती फार उंचावर होती.